रेड वाइनचा डोस किती?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ७१. पंधरा वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब. गोळ्या वेळेवर घेणारे आणि वहीत तारखेवार साखर लिहून ठेवणारे, म्हणजे कुठल्याही डॉक्टरला आवडावेत असे पेशंट. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून औषधांच्या पाकिटांबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि गंभीरपणे विचारले, "डॉक्टर, याचा डोस किती घ्यायचा?"

बाटली रेड वाइनची होती. मुलगा नाशिकला नोकरीला आहे, त्याने आणून दिलेली. हजार रुपयांच्या आतली, दोन जातींच्या द्राक्षांचे मिश्रण असलेली. ही दुसरी बाटली. पहिली त्यांनी दहा दिवसांत संपवली होती. रोज रात्री जेवणाआधी स्टीलच्या पेल्यात थोडी ओतायची आणि नाक दाबून एका दमात घ्यायची, काढा घेतात तशी. "चव काही बरी नाही हो, पण हृदयासाठी घ्यायची म्हणून घेतो."

मग बोलता बोलता त्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली. एका रात्री भूक नव्हती. वाइन घेतली, मधुमेहाची गोळी नेमाने घेतली आणि नुसत्या ताकावर झोपले. रात्री दोनच्या सुमारास अंग घामाने चिंब, हात थरथरताहेत, बोलणे असंबद्ध. घरच्या बाईंनी वेळीच साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले.

"हा उपाय तुम्हाला सांगितला कोणी?" मी जरा रागानेच विचारले.

"तुम्हीच की," गुरुजी शांतपणे म्हणाले. "१९९६ साली. माझ्या थोरल्या भावाला झटका येऊन गेला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, तिकडे फ्रान्समध्ये लोक रोज थोडी लाल वाइन घेतात म्हणून त्यांना हृदयविकार कमी होतो. तेव्हा ती आपल्याकडे मिळायची नाही. आता मिळते."

मला ते आठवले. तेव्हा मी तसे म्हटले होते, आणि एकालाच नव्हे. म्हणून आजचा हा लेख.

तो काळच तसा होता. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरदर्शन कार्यक्रमात 'फ्रेंच विरोधाभास' दाखवला गेला. फ्रेंच माणूस लोणी, चीज, मांस भरपूर खातो, तरी त्याला हृदयविकार कमी; याचे कारण रेड वाइन असावे, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी सर्ज रेनो या फ्रेंच शास्त्रज्ञाचा याच विषयावरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. अमेरिकेत रेड वाइनचा खप एकदम वाढला आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत ते ज्ञान औषध कंपन्यांच्या पत्रकांतून झिरपत आले. गोष्ट ऐकायला गोड होती. तपासून पाहण्याचे कष्ट कोण घेतो?

नंतर ज्यांनी ते कष्ट घेतले त्यांना बरीच भोके सापडली. पहिले भोक मोजणीतले. 'न पिणाऱ्यां'मध्ये जन्मात न प्यायलेले लोक होते, तसेच तब्येत बिघडल्यामुळे सोडलेलेही होते. आजाऱ्यांची भर घातल्यावर न पिणाऱ्यांचा गट रोगट दिसणारच, आणि त्याच्या शेजारी थोडे पिणारा धट्टाकट्टा वाटणारच. शिवाय जेवणाबरोबर बेताने वाइन घेणारा माणूस बहुधा पैसेवाला असतो. तो बरे खातो, फिरायला जातो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. श्रेय मात्र सगळे वाइनला.

दुसरे भोक रेझव्हेराट्रॉलचे. द्राक्षाच्या सालीतला हा पदार्थ. २००६ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. चरबीयुक्त खाणे खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांना हा पदार्थ दिल्यावर ते जास्त जगले. बातमी जगभर गाजली. पण उंदरांना दिलेली मात्रा होती वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे २२ मिलिग्रॅम. वाइनच्या एका लिटरमध्ये तो पदार्थ असतो जेमतेम काही मिलिग्रॅम. लिटरला ५ मिलिग्रॅम धरले, तर ६० किलोच्या माणसाला तेवढी मात्रा मिळवायला रोज साडेतीनशे बाटल्या रिचवाव्या लागतील. पुढे २०१४ साली इटलीत, तेही कियान्ती या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात, ६५ वर्षांवरच्या लोकांचा नऊ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारातून हा पदार्थ जास्त जातो त्यांना हृदयविकार, कर्करोग किंवा मृत्यू कमी आला, असे काही आढळले नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावा मात्र भक्कम होत गेला. मद्ययुक्त पेये कर्करोगकारक आहेत हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले होते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या मद्यानेही वाढतो. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितले की आरोग्याला निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात: शून्य. औषध म्हणून रेड वाइनचा डोस शून्य.

गुरुजींना त्या रात्री काय झाले तेही सांगतो, कारण मधुमेहाचे पेशंट घरोघरी आहेत. आपण उपाशी असताना यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असते. पोटात मद्यार्क गेला की यकृत आधी त्याच्या मागे लागते आणि साखर तयार करण्याचे काम मंदावते. त्यातच साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले आणि पोट रिकामे. साखर घसरत जाते. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणे पाहून घरच्यांना वाटते 'चढली' आणि ते माणसाला झोपू देतात. हे घातक आहे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, लागल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न ओतता थेट दवाखाना गाठावा.

२०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही यावर मोठा वाद झाला. राजकारण्यांचे राजकारण्यांपाशी. शरीराला हा वाद कळत नाही, त्याला फक्त मद्यार्क कळतो. हिशेब असा: १३ टक्क्यांची १५० मिलिलिटर वाइन म्हणजे सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क. व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा पेग म्हणजे २० ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरची मोठी बाटली २५ ग्रॅम. आणि वाइनची अख्खी बाटली ७७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेचार मोठे पेग. 'आम्ही दारू पीत नाही, फक्त वाइन घेतो' म्हणणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा.

असो. गुरुजींनी बाटली परत नेली नाही. "घरात ठेवली तर पुन्हा मोह व्हायचा," म्हणून ती माझ्याच टेबलावर सोडून गेले. आता डॉक्टरने पेशंटची बाटली घरी न्यावी का, यावर दोन दिवस विचार केला आणि रविवारी ती नेली. मी एरवी पीत नाही. पण ज्या वस्तूविषयी पंचवीस-तीस वर्षे लोकांना सांगत आलो, ती एकदा नीट समजून घ्यावी असे वाटले. दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्षबागाईतदार मित्र आला होता. तो पूर्वी वाइनरीला माल घालत असे. शिवाय शेजारचे औषध दुकानदार आणि आमचे मेहुणे.

प्रथम मित्राने द्राक्षाची गोष्ट सांगितली. आपण खातो ती थॉमसन किंवा सोनाका ही द्राक्षे मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांची असतात. खायला घेतली तर अर्धे थुंकावे लागते. गंमत म्हणजे बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढराच असतो, रंग सारा सालीत. म्हणून रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, त्यातून रंग येतो आणि तुरटपणाही. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या घेऊन माल जानेवारी ते मार्चमध्ये, थंडी असताना काढतात.

आमच्या बाटलीत कॅबर्ने सॉव्हिन्यॉन आणि शिराज यांचे मिश्रण होते. मिश्रण म्हटले की आपल्याला भेसळ आठवते. ते तसे नाही. चहाच्या दुकानात 'मिक्स्चर' मागतो तेव्हा दुकानदार रंगाला डस्ट आणि वासाला पत्ती मिसळून देतो, तोच हा प्रकार. कॅबर्ने तुरट, ताठ, काहीशी रुक्ष. शिराज गडद, भरीव, फळाच्या अंगाची. एकीचे उणे दुसरी भरून काढते. फ्रान्सच्या बोर्दो भागातली नावाजलेली वाइनही मिश्रणच असते, आणि एकोणिसाव्या शतकात तिथले व्यापारी आपल्या वाइनला जोर यावा म्हणून दक्षिणेकडची हीच शिराज तिच्यात घालत. (नाव इराणमधल्या शहराचे, पण ही जात मूळची फ्रान्समधलीच हे १९९८ च्या सुमारास जनुकांच्या तपासणीतून सिद्ध झाले.) स्वस्त बाटलीत तर मिश्रणाचा फायदा अधिकच. एखाद्या जातीचा माल त्या साली कमी उतरला तरी चव सांभाळून घेता येते.

बाटली उघडण्याआधी मित्राने ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला लावली. रेड वाइन खोलीच्या तपमानाला प्यावी असे पुस्तकात असते, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडच्या ३५ अंशांच्या खोलीत नुसता मद्यार्काचा भपकारा येतो. झाकण पत्र्याचे, फिरवून उघडायचे होते. मेहुण्यांनी नाक मुरडले. पण बूच नसणे हे हलक्या मालाचे लक्षण नव्हे, लवकर प्यायच्या वाइनला असे झाकण सोयीचेच. या किमतीची वाइन कपाटात वर्षानुवर्षे ठेवून सुधारत नाही, हेही मित्राने सांगितले.

काचेचे साधे ग्लास घेतले, तोंडाशी निमुळते. प्रत्येकात दोन बोटे वाइन, वर सगळे रिकामे. ती रिकामी जागा वासासाठी असते. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला. मध्ये गडद लाल, कडेला जांभळी झाक. जांभळी झाक म्हणजे वाइन कोवळी. जुनी होत जाते तशी कड विटकरी होते.

मग वास. आधी ग्लास न हलवता, मग हलके गोल फिरवून. आम्हा चौघांना 'द्राक्षाचा वास' यापलीकडे काही सांगता येईना. तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून आली. ती घोटही घेणार नव्हती. ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतोय. आणि मागून मिरे." मित्र टाळी वाजवून हसला. कॅबर्नेमध्ये ढोबळी मिरचीतलेच एक वासाचे द्रव्य असते, द्राक्षे जरा कच्ची खुडली की ते जास्त जाणवते. आणि शिराजमध्ये जे मिऱ्याचा वास देते ते द्रव्य खरोखरच मिऱ्यात असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ साली ओळखले. साधारण पाचांतल्या एकाला ते हुंगताच येत नाही. औषध दुकानदार त्यातले निघाले. चाळीस वर्षे फोडण्या घालणाऱ्या नाकापुढे आमचा पाड लागला नाही हे खरे.

आता घोट. लहान घ्यायचा आणि लगेच गिळायचा नाही. तोंडात फिरवायचा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वासच असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते ते त्यामुळे. गुरुजी नाक दाबून पीत होते, म्हणजे त्यांच्या वाट्याला फक्त आंबट, तुरट आणि जळजळ आली. शिवाय त्यांची बाटली उघडून आठवडा झालेली. उघडलेली वाइन हवेने उतरते आणि हळूहळू शिरक्याच्या वाटेला लागते. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस बरी.

घोट तोंडात असताना तीन गोष्टी शोधायच्या. जिभेच्या कडांना पाणी सुटते तो आंबटपणा. हिरड्या आणि गाल कोरडे पडतात तो तुरटपणा. जांभूळ, कच्चे केळे, सुपारी, दुधाशिवाय उकळलेला चहा यांनी जे होते तेच हे, कारण द्रव्ये एकाच कुळातली, टॅनिन. ती लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो. तिसरी, घशात जाणवणारी ऊब, ती मद्यार्काची. या तिन्हींपैकी एकही बाकीच्यांवर ओरडत नसेल तर वाइन बरी जमली म्हणायची. आमची आंबटपणात थोडी पुढे होती, तुरटपणा मात्र मऊ. गिळल्यावर चव किती वेळ राहते तेही पाहतात. हिची दहा मोजेपर्यंत राहिली. या किमतीला ठीक आहे असे मित्राचे मत पडले. ब्रँडचे नाव देत नाही, हे सदर जाहिरातीचे नाही.

व्यवसायाने वाइन चाखणारे लोक घोट गिळतच नाहीत, थुंकतात. दिवसाला पन्नास वाइन चाखायच्या तर दुसरा मार्ग नाही. आपल्याकडे पीकदाणीची परंपरा असल्याने याचे नवल वाटू नये. मी दोन घोट थुंकले आणि एक गिळला. चव तिन्हींची सारखीच लागली.

खाण्याचे म्हणाल तर झणझणीत रस्सा हिच्याबरोबर घेऊ नये. मद्यार्काने तिखटाची आग वाढते आणि वाइनही कडवट लागते. तळलेल्या बांगड्याबरोबर तोंडाला लोखंडासारखी चव आली, ती वाइनमधल्या लोहामुळे. भाजलेल्या मटणाचे तुकडे, पनीर, खारे शेंगदाणे यांच्याशी जमले. प्रथिने आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात, तुरटपणा उतरतो. चहात दूध घातल्यावर होते तसेच.

त्या संध्याकाळची एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. तास-दीड तास गेला आणि चौघांत मिळून अर्धी बाटलीही संपली नव्हती. वास घेण्यात, भांडण्यात, पुन्हा वास घेण्यात वेळ जात होता. उलट एकट्याने किंवा दोघांनी बाटली उघडली की 'उघडलीच आहे, खराब होईल' म्हणून संपवली जाते. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी मंडळी जमवावी, नाही तर ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली मिळते ती आणावी. पोटात अन्न असावे, शेजारी पाण्याचा तांब्या असावा आणि नंतर मोटारसायकलला हात लावू नये.

काहींचे रेड वाइनने अर्ध्या तासात डोके दुखते. दोष सल्फाइटला दिला जातो, पण ते व्हाइट वाइनमध्ये बहुधा जास्तच असते. सालीतल्या क्वेर्सेटिनमुळे मद्यार्काचे विघटन अडते, असा तर्क २०२३ मध्ये मांडला गेला आहे. कारण काही असो, डोके दुखत असेल तर घेऊ नये, गोळी खाऊन तर मुळीच नाही. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने धाप लागते, त्यांनी लेबल वाचावे. आणि 'पोर्ट वाइन' नावाची जी गोड, स्वस्त बाटली आपल्याकडे पाहुण्या बायकांना 'ही चालते' म्हणून देतात, तिच्यात मद्यार्क आहेच, वर साखरही.

गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे, हृदयाचे ठोके अनियमित असलेले आणि पूर्वी व्यसन सुटलेले यांच्यासाठी घोटभरही नाही. जे पीत नाहीत त्यांनी तब्येतीसाठी सुरू करण्याचे काही कारण नाही. १९९६ साली मी दिलेला सल्ला ज्यांच्या लक्षात असेल त्यांनी कृपया तो विसरावा. शक्य होते त्यांना मी स्वतः भेटून सांगितले आहे. गुरुजींचे थोरले भाऊ मात्र आता नाहीत.

परवा गुरुजी तपासणीला आले. वही उघडून दाखवली, रात्रीची साखर आता घसरत नाही. मग हळूच विचारले, "कशी होती?" मी ढोबळी मिरची आणि मिऱ्याची हकिगत सांगितली. ते बराच वेळ हसले. "म्हणजे मी नाक दाबलं तिथंच सगळं गेलं म्हणायचं." उठता उठता म्हणाले, "मुलगा पुढच्या महिन्यात येतोय. काय आणू विचारतो."

मी म्हटले, "ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणायला सांगा."